आधी कानात बघा

गेल्या पावसाळ्यात माझ्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत एक गॅरेजवाला आला होता. वय पस्तीस-छत्तीस. दीड-दोन महिन्यांपूर्वी सकाळी उठला तर उजवा कान बंद. फोन उजव्या कानाला लावला, पलीकडून कुणी बोलेना. डावीकडे घेतला तर बायको तीनदा हॅलो म्हणून आधीच चिडलेली. हे तो हसत हसत सांगत होता. पहिल्या डॉक्टरांनी मळ साठला असेल म्हणून थेंब लिहून दिले. दहा दिवस थेंब टाकले. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, ते म्हणाले सर्दीनं दडे बसलेत, वाफ घ्या. वाफ घेतली, गोळ्याही घेतल्या. सात आठवडे उलटल्यावर कुणीतरी सुचवलं म्हणून तो माझ्यासमोर येऊन बसला.

कान लख्ख होता. मळाचा कण नाही, पडदा छान. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा, वाजवून त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, आवाज कुठल्या बाजूला येतोय? तो म्हणाला, डाव्या. म्हणजे चांगल्या कानाच्या बाजूला. निदान तिथंच झालं. बिघाड कानाच्या वाटेत नव्हता, आतल्या कानात किंवा नसेत होता. असा बहिरेपणा एकाएकी आला की स्टिरॉइडचा उपयोग होण्याची आशा पहिल्या दोनेक आठवड्यांत. काहींचं ऐकणं आपसूकही परत येतं. याचं आलं नाही.

त्याला त्या दोन्ही डॉक्टरांचा राग नव्हता. मला होता. मग त्यानं दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि माझा राग घशातच अडकला. तो माझा विद्यार्थी. नापासातून कसाबसा सुटलेला नव्हे, चांगल्या मार्कांनी पास झालेला. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्यानं मला मॅस्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, शस्त्रक्रियेचे प्रकार घडाघडा म्हणून दाखवले होते आणि मी खूश होऊन मान डोलावली होती. नादकाटा मात्र मी त्याच्या हातात कधी दिला होता का, हे मला आजही आठवत नाही.

वाचता वाचता एक गंमत करून बघा. एका कानात बोट घट्ट घाला आणि ओठ मिटून ‘म्म्म’ असा सूर लावा. आवाज बंद केलेल्या कानात जास्त घुमतो. कानात मळ असेल, पडद्यामागं पाणी साठलं असेल, तर कपाळावर टेकवलेल्या नादकाट्याचा आवाज असाच आजारी कानाकडे पळतो. नस किंवा आतला कान गेला असेल तर उलटा, चांगल्या कानाकडे. जर्मनीच्या वेबर यांनी ही गोष्ट १८३४ मध्ये नोंदवली, रिन यांनी १८५५ मध्ये तिला दुसऱ्या चाचणीची जोड दिली. म्हणजे वीज घरात येण्याच्याही आधीचं हे ज्ञान. उपकरणाची किंमत दोन माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी, चाचणीला लागतो एक मिनिट. तरीही आपल्याकडे एमबीबीएस होऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर तो काटा दिसणं दुर्मीळ. स्टेथोस्कोप प्रत्येकाच्या गळ्यात असतो.

एमबीबीएसच्या पोरांच्या भाषेत ईएनटी हा ‘शॉर्ट सब्जेक्ट’. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक हे मोठे. कान-नाक-घसा आणि डोळे हे लहान. १९९७ च्या नियमांत ईएनटीचा लेखी पेपर ४० मार्कांचा होता. २०१९ मध्ये क्षमताधारित अभ्यासक्रम आला, पेपर शंभराचा झाला, पण नाव पडलं ते पडलंच. इंटर्नशिपच्या वर्षभरात ईएनटीच्या वाट्याला येतात दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत इंटर्न ओपीडीच्या कोपऱ्यात बसून मोबाइलवर नीट पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे, प्रश्न सोडवत असतो. त्याला मी दोष देत नाही. त्याचं पुढचं आयुष्य त्या दोनशे प्रश्नांवर ठरणार असतं, आणि त्यातला एकही प्रश्न ‘आता माझ्या कानात बघ आणि काय दिसतंय सांग’ असा असूच शकत नाही.

आता हाच मुलगा बॉण्डवर, म्हणजे सरकारी सेवेच्या करारावर, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, किंवा तालुक्याच्या गावी दवाखाना टाकतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्या पुढ्यात काय येतं? पोराचा कान फुटलाय. म्हातारीला गरगरतंय. उन्हातून आलेल्या माणसाचा घोळणा फुटलाय आणि बरोबरचे चौघे त्याला मान मागं टाकायला लावून कांदा हुंगवतायत. अंगणवाडीतल्या मुलीनं नाकात चिंचोका घातलाय. मास्तरांचा आवाज महिनाभर बसलाय. एका तरुणाला तिखट सोसत नाही आणि वडापाव खाताना तोंड पुरतं उघडत नाही. ताप आणि जुलाब सोडले तर दवाखान्यातल्या बाकावर गळ्याच्या वरचीच दुखणी जास्त बसलेली असतात, हे कुठल्याही जुन्या जनरल प्रॅक्टिशनरला विचारा. विषय कॉलेजात लहान आणि बाकावर मोठा, अशी ही उलटी वाटणी आहे.

दोष वेळापत्रकाचा आहे असं म्हणून हात झटकणं आम्हा शिक्षकांना सोयीचं. खरी गोष्ट अशी की आम्ही सगळे सर्जन. आमचा जीव ऑपरेशन थिएटरात रमतो. आमच्या लेक्चरमध्ये म्हणून चीर कुठं घ्यायची, हाड कुठपर्यंत कोरायचं, कुठल्या शस्त्रक्रियेला कुणाचं नाव आहे, हे सगळं भरभरून येतं. समोर बसलेल्या दीडशे मुलांपैकी ईएनटी सर्जन होणार दोन किंवा तीन. बाकीच्यांना आयुष्यात एकदाही मॅस्टॉइड उघडायचा नाही. त्यांना एवढंच कळायला हवं की हा वाहणारा कान निवांत बघण्यासारखा आहे की उद्याच वर पाठवण्यासारखा. पडद्याला मधोमध छिद्र असलेला, पातळ, वास नसलेला पू येणारा कान सहसा दम धरतो; त्याला आम्ही ‘सेफ’ म्हणतो. थोडाच, पण घाण वास मारणारा पू, वरच्या कोपऱ्यात पांढरट खपल्या, हे मात्र हाड खाणारं दुखणं असू शकतं. त्यातून तोंड वाकडं होतं, मेंदूत गळू होतं. हा फरक करायचा तर दोनच गोष्टी हव्यात: कान आधी कोरडा पुसून घ्यायचा आणि मग आत बघायचं. प्रत्यक्षात न पुसता, न बघता थेंब दिले जातात. पू वाहत असताना थेंब टाकणं म्हणजे भरून वाहणाऱ्या नळीत वरून औषध ओतणं.

परीक्षेचा एक किस्सा सांगतो. आमच्याकडे प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं येणारे काही ठरलेले पेशंट होते. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. कुठल्याही कॉलेजात असे असतात. त्यातले एक मामा कानाच्या पडद्याला छान गोल भोक बाळगून होते. जेवण, एसटीचं भाडं आणि वर थोडे पैसे यावर दर परीक्षेला हजर. विद्यार्थी जवळ आला की मामा हळूच विचारायचे, “काय सांगू का? उजवा कान. सेफ. मधोमध. ऐकायला थोडं कमी.” एका वर्षी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून आलेल्या सरांनी मामांचा कान स्वतः तपासला तर पडदा बंद! मधल्या काळात मामांनी दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलं होतं आणि भाड्याच्या पैशांसाठी बोलले नव्हते. त्या दिवशी सकाळपासून अकरा विद्यार्थ्यांनी त्या कानात भोक ‘बघितलं’ होतं. अकराही जण पास झाले. आम्ही चहा पिताना खूप हसलो. घरी जाताना तेवढं हसू येत नव्हतं.

ते अकरा जण लबाड होते असं मला वाटत नाही. त्यांना कानात काही दिसलंच नसणार, आणि दिसत नाही हे बोलायची सोय आम्ही ठेवली नव्हती. कानाची नळी अडीच सेंटिमीटरची, टोकाला जेमतेम एक सेंटिमीटरचा पडदा, तोही तिरका. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागं ओढायचा, लहान बाळाचा खाली आणि मागं, तेव्हा वाट सरळ होते. ओटोस्कोपला, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या दुर्बिणीला, डोळा एकाच वेळी एकाच माणसाला लावता येतो. पोटातली गाठ वीस जणांना दाखवता येते, दहा हात एकापाठोपाठ लागू शकतात. कानाच्या भोवती वीस जण उभे केले तर एकोणीस जण भिंतीकडे बघत उभे असतात. पाळी आलेल्या मुलाला पहिले काही दिवस काळोख, केस आणि स्वतःच्या पापण्या एवढंच दिसतं. चाळीस-पन्नास कान बघून झाले की एक दिवस अचानक पडदा ‘उमटतो’, त्यावरचा प्रकाशाचा त्रिकोण दिसतो, आणि मग तो कधी हरवत नाही. सायकलसारखं आहे हे. ते चाळीस कान त्याला कुठं मिळणार, एवढाच प्रश्न आहे.

नव्या अभ्यासक्रमाच्या कागदावर ओटोस्कोपी स्वतःच्या हातानं करता यावी असं लिहिलेलं आहेच. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी वैद्यकीय शिक्षणाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. आपला अभ्यासक्रम याच शिडीवर बेतलेला आहे. आमच्या लॉगबुकात, म्हणजे विद्यार्थ्यानं काय काय केलं त्याच्या नोंदवहीत, सगळे चौथ्या पायरीवर पोचलेले असतात, कारण सत्र संपायच्या आदल्या दिवशी आम्ही एका बैठकीत साठ सह्या करतो. मीही केल्या आहेत.

चक्करबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथं आपली चूक दुहेरी आहे. आजी म्हणते, “कुशीवर वळले की घर गरगर फिरतं, मग थांबतं.” डॉक्टर केसपेपरवर लिहितो: चक्कर. बीपी बघतो, मानेचा एक्स-रे काढायला सांगतो. साठीच्या माणसाच्या मानेच्या मणक्यांत काहीतरी दिसणारच. झालं, स्पॉन्डिलायटिस. गळ्यात पट्टा, चक्करची गोळी, जमलं तर ताकदीचं सलाईन. पुढं सहा महिने आजी उठता-बसता भिंत धरून चालते.

आजीनं निदान पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. आतल्या कानात चुनखडीचे अगदी बारीक कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात, आणि डोकं ठरावीक बाजूला गेलं की काही सेकंद सगळं फिरतं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये याची तपासणी सांगितली: रोग्याला बसवायचं, मान वळवून झटकन आडवं करायचं आणि डोळ्यांकडे बघायचं. बुबुळं ठेक्यात हलायला लागतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एप्ली यांनी उपाय प्रसिद्ध केला. डोकं एका क्रमानं फिरवत ते कण आपल्या जागी परत ढकलायचे. पाच मिनिटं. औषध नाही, यंत्र नाही, खर्च शून्य. पलंग आणि दोन हात पुरतात. माझ्या चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत रोग्यानं मला खरोखर वाकून नमस्कार केला असेल तर बहुतेक वेळा या पाच मिनिटांसाठी. मोठमोठ्या ऑपरेशनांनंतर लोक बिल विचारतात. असं असूनही बहुतेक इंटर्नना एप्लीचं नाव पर्यायांत ओळखता येतं, करता येत नाही.

दुसरी चूक भाषेची. इंग्रजी पुस्तक विद्यार्थ्याला बजावतं की रोग्याच्या एका शब्दामागं तीन वेगळ्या गोष्टी असतात, त्या नीट विचारून वेगळ्या करा. मराठीत त्या आधीच वेगळ्या आहेत. गरगरणं वेगळं, डोळ्यांपुढं अंधारी येणं वेगळं, तोल जाणं वेगळं. पहिलं बहुधा कानाचं, दुसरं रक्तदाबाचं किंवा हृदयाचं, तिसरं नसा आणि मेंदूचं. आपली खेड्यातली बाई हे तिन्ही शब्द चोख वापरते. आमचा विद्यार्थी त्या तिघांना ‘चक्कर’ या एकाच डब्यात कोंबतो आणि मग त्यातून इंग्रजी निदान काढायची खटपट करतो. ‘घोळणा फुटला’ म्हणजे नाकातून रक्त आलं हे न कळल्यानं रोग्याला ‘कुठं फुटलं, कधी पडलात’ असं विचारणारा इंटर्न मी पाहिला आहे. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, तेव्हापासून आपल्याकडेही मराठी पुस्तकांची चर्चा अधूनमधून होते. पुस्तकं निघोत बापडी. मला आधी हवा आहे मराठी तक्रारींचा तास: दडे बसणं, कान ठणकणं, भुणभुण, पडजीभ, नाकाचं हाड वाढणं, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटणं. यातल्या प्रत्येक शब्दातून माणूस काय सांगू बघतोय हे ओळखायला शिकवणारा.

तोंडाचा विषय तर मला लिहितानाही बोचतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा तंबाखू चघळणारा, मळणारा, मिश्री लावणारा निघाला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर ती कशी पाळली जाते ते सर्वांना ठाऊक आहे. तोंडाचा कर्करोग हा उघड्या डोळ्यांना दिसणारा कर्करोग. पोटात दडलेला नाही, सीटी स्कॅन लागत नाही. टॉर्च, दोन चमचे, आणि रोग्याची स्वतःची तीन बोटं. ती तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर सुपारीनं आतली त्वचा आवळत चालली आहे. तीन आठवड्यांत न भरलेली जखम तुकडा तपासल्याशिवाय सोडायची नाही. आणि तरी आमच्याकडे येणारे बहुसंख्य रोगी गालाला भोक पडल्यावर, मानेत गाठी आल्यावर येतात. त्यांच्या फायलीत मागच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या असतात: बी-कॉम्प्लेक्स, तोंडात लावायचं जेल, पुन्हा बी-कॉम्प्लेक्स. दाताच्या डॉक्टरकडे गेलेला माणूस निदान तोंड उघडून बसतो. आमच्या विद्यार्थ्याला ‘आ करा’ म्हटल्यावर घशाची मागची भिंत बघायची सवय लावलेली असते. गालाची आतली बाजू, जिभेची कड, जिभेखालचा भाग तो ओलांडून जातो.

२०२१ च्या मे महिन्यात हे सगळं एकदम अंगावर आलं. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. तोवर पुस्तकात त्याचा एक परिच्छेद होता, मधुमेहाच्या रोग्यांत क्वचित आढळतो वगैरे. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात हजारो रोगी झाले, त्यावरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते, केंद्रानं राज्यांना हा रोग नोंदणीयोग्य जाहीर करायला सांगितलं. आम्ही रात्रंदिवस नाकाच्या पोकळ्या साफ करत होतो, काहींचे डोळे काढत होतो. त्यातल्या कित्येकांनी आधी सांगितलं होतं: गाल बधिर झालाय, वरचे दात हलतायत, नाकातून काळसर खपली येतेय. ज्या थोड्या ठिकाणी कुणा तरुण डॉक्टरनं नुसता टॉर्च लावून नाकात बघितलं, तिथले रोगी आमच्यापर्यंत डोळ्यासकट पोचले. एवढं होऊनही नाकात बघणं ही सवय टिकली का? साथ ओसरल्यावर परिच्छेद तेवढा मोठा झाला.

लहान मुलांच्या बहिरेपणाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं काय करायचं यावर मतभेद नाहीत. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय सुरू. राष्ट्रीय बधिरता नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून आहे, बालकांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. आणि घरात आजोबा म्हणत असतात, याचा काकाही उशिराच बोलला. मूल दोन वर्षांचं झालं तरी ‘बोलेल हळूहळू’ म्हणणारा डॉक्टर त्या आजोबांच्या बाजूनं मत देतो. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूची भाषा शिकायची दारं हळूहळू मिटत जातात. सहाव्या-सातव्या वर्षी केलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, पहिल्या-दुसऱ्या वर्षी केलेल्याची बरोबरी करत नाही.

माझ्या वयाच्या काही सहकाऱ्यांना हा सगळा त्रागा अनाठायी वाटतो. त्यांचं म्हणणं असं: आता तालुक्याला ईएनटी तज्ज्ञ झाले, एण्डोस्कोप झाले, जनरल डॉक्टरनं कानात नाक खुपसायचंच कशाला, सरळ रेफर करावं. यात तथ्य आहे, आणि दहापैकी चार वेळा न बघता रेफर करणं हे न बघता थेंब देण्यापेक्षा नक्की बरं. पण कुणाला आज पाठवायचं आणि कुणाला पुढच्या बाजाराच्या दिवशी, हे न बघता ठरत नाही. नाकात हरभरा अडकलेलं पोर उद्या चालेल. बटणासारखा गोल सेल अडकलेलं पोर आत्ता, याच तासाला निघायला हवं, नाहीतर तो सेल नाकाचा पडदा जाळतो. गडचिरोलीच्या आतल्या गावातून रेफर म्हणजे दिवसभराची मजुरी, जीपचं भाडं आणि बरोबर येणाऱ्या माणसाचाही दिवस. आणि वरती शंभर जण विनाकारण आले की जो खरोखर घाईचा आहे तो त्या रांगेत एकशे एकावा बसतो.

दुसरा आक्षेप अवघड आहे. महाराष्ट्रात पहिला डॉक्टर बहुतेक वेळा एमबीबीएस नसतोच. तो बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकातले डॉक्टरही आयुषचेच. मग एमबीबीएसचं शिक्षण सुधारून काय होणार? २०२० च्या नोव्हेंबरात शालाक्यतंत्राच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या डोळे-कान-नाक-घशाच्या शाखेच्या, पदव्युत्तरांना कान-नाक-घशाच्या काही शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, डिसेंबरात आमच्या संघटनेनं संप केला. सुरी कुणाच्या हातात असावी यावर आम्ही भांडलो. ओटोस्कोप कुणाकुणाच्या हातात असावा यावर कुणीच भांडलं नाही. माझं मत सहकाऱ्यांना आवडत नाही, तरी लिहितो: जो रोज लहान मुलांचे कान बघणार आहे त्याला कान बघायला शिकवलं पाहिजे, त्याच्या पदवीची अक्षरं कुठलीही असोत. ऑपरेशनचा वाद वेगळा ठेवता येतो. आमच्या ओपीडीच्या खुर्चीला पथी कळत नाही.

कान-नाक-घशाच्या इतिहासात पुण्याचं एक पान आहे, ते आपण अभिमानानं सांगतो आणि अर्धवट सांगतो. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवून दिलं. क्रुसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ते बघत उभे होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. ते वाचून तिथल्या कार्प्यूनं प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं. कारागिराचं नाव त्या पत्रात नाही. त्याची जात तेवढी आहे, विटा करणाऱ्यांची, आपल्याकडे कुंभार म्हणून सांगतात. अभिमानाचा भाग इथवर. उरलेला अर्धा असा की त्या माणसाचं कौशल्य बोटांत होतं आणि घराण्यात राहिलं, म्हणून आपल्याकडे आटलं. बघणाऱ्यांनी लिहून ठेवलं, दुसऱ्यानं सराव केला, तिसऱ्याला शिकवलं, म्हणून तिकडे वाढलं. आज आमची गत त्याच्या उलट आहे. लिहिलेलं सगळं आहे, छापलेलं आहे, मोबाइलवर व्हिडिओ आहेत. बोटांत मात्र काही उतरत नाही.

मग करायचं काय? माझी मागणी मोठी नाही. परीक्षा बदला, बाकीचं आपोआप बदलेल; विद्यार्थी परीक्षेच्या मागं जातो आणि आम्ही विद्यार्थ्याच्या. प्रॅक्टिकलला ठरलेले मामा नकोत. त्या सकाळी ओपीडीत आलेला कुठलाही माणूस चालेल, धडधाकट असला तरी, किंबहुना धडधाकट असला तर उत्तम, कारण चांगला पडदा ओळखता येणं हीच खरी परीक्षा. कान बघ, काय दिसलं ते कागदावर काढ. नादकाटा लाव आणि अर्थ सांग. तोंडाचा प्रत्येक कोपरा बघ. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून रक्त थांबवून दाखव, मान पुढं. आडवं करून एप्ली कर. यातली एक गोष्ट जरी जमली नाही तर लेखी पेपरात नव्वद असले तरी पुन्हा ये. मॅस्टॉइडच्या शस्त्रक्रियांचे प्रकार पदव्युत्तरांसाठी ठेवा. इंटर्नशिपच्या दोन आठवड्यांपैकी एक आठवडा तरी आश्रमशाळेत किंवा झेडपीच्या शाळेत घालवू द्या; एका शाळेत चारशे पोरं म्हणजे आठशे कान, शिवाय पोरांची फुकट तपासणी. स्क्रीनला जोडता येणारे स्वस्त कॅमेरे आता मिळतात, त्यामुळे वीस जणांना एकदम पडदा दाखवताही येतो. अर्थात स्क्रीनवर पोहणं बघून कुणी पोहायला शिकत नाही, पण निदान काय शोधायचंय ते कळतं.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की शिक्षक कुठून आणायचे. अडचण खरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्या प्रत्येकात ईएनटीचा विभाग लागतो, आणि अनुभवी शिक्षक काही फीत कापून तयार होत नाहीत. पण मी मागतोय त्या गोष्टी शिकवायला प्राध्यापक लागतच नाही. रेसिडेंट शिकवू शकतो, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करणारी ताई शिकवू शकते, शेजारच्या गावात तीस वर्षं कान बघत बसलेला जनरल प्रॅक्टिशनर तर आमच्यापेक्षा बरं शिकवेल.

हत्यारं लागतील, हे मात्र खरं. मागच्या वर्षी मी विभागात विचारलं की विद्यार्थ्यांसाठी ओटोस्कोप किती आहेत. आठ, असं उत्तर आलं. मी ते कधी पाहिले नव्हते म्हणून दाखवा म्हटलं. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, हरवला तर पगारातून वसुली होते, म्हणून आठही कपाटात कुलपात ठेवलेत, मूळ खोक्यांत, सेल न घातलेले. कपाटाची चावी सिस्टरकडे असते. विद्यार्थ्यांची पोस्टिंग दुपारी दोनला सुरू होते. सिस्टरांची ड्यूटी दोनला संपते.